पहिला नग तपासला आहे का?

परदेशी ग्राहकाची तपासणी आठवड्यावर आली होती. निघोज्याच्या आमच्या कंपनीत, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये मी तेव्हा हंगामी लाइन इन्चार्ज होते. तपासणी नीट पार पडली तर पद कायम, नाहीतर परत पॅकिंगच्या टेबलावर. ग्राहकाकडून तपासणीला येणाऱ्या बाईंशी इंग्रजीत बोलायचं होतं तेही मीच.

पूर्ण वर्तमानकाळ शाळेत मार्कांपुरता पाठ केला होता. आता मोशीच्या घरात पोळ्या लाटताना मुलगी तो माझ्याकडून घोकून घेत होती.

“आय हॅव चेक्ड इट यस्टरडे.”

“आई, यस्टरडे काढ. हॅव आलं की कधी केलं ते सांगायचं नाही. झालंय, एवढंच.”

“असली सोय आमच्या तपासणीच्या वहीत चालती तर काय हवं होतं! तिथे वेळ टाकावीच लागते.”

कंपनीच्या बसमध्ये माझे ओठ हलताना बघून शेजारची म्हणाली, “कसला जप धरलाय? नवरा सुधारायचा का?”

बाई आल्या तेव्हा प्रेसवरची डाय, म्हणजे साचा, नुकतीच बदलली होती. डाय बदलली की पहिला नग मापायचा, तो बरोबर निघाला तरच पुढचे काढायचे. पण आमच्याकडे काम हाती घेतलं की ‘झालंय’ म्हणायची पद्धत. आधण ठेवलं की चहा झालाय, ट्रक गेटच्या आत असला तरी माल गेलाय. याला कुणी खोटं समजत नाही.

बाईंनी विचारलं, पहिला नग तपासला आहे का? प्रेस धडाधड चालू होती. निघोज्याचाच ऑपरेटर मागून पुटपुटला, “झालंय म्हना मॅडम. होतंच आलंय.”

वाक्य जिभेवर तयार होतं, आठवडाभर तेच घोकलं होतं. तेवढ्यात टेबलाकडे नजर गेली. नग तेलासकट पडलेला, मापायचा गेज अजून डब्यात.

“नो. वी हॅव नॉट चेक्ड इट येट.” प्रेस बंद करायला लावली, निघालेले नग अडवलेल्या मालाच्या लाल क्रेटमध्ये टाकायला सांगितले.

बाई तिथेच थांबल्या. मॅनेजर माझ्या कानाशी आले. “एवढं इंग्रजी शिकलात ते हे सांगायला?”

नग मापात निघाला. तरी न तपासता प्रेस चालवल्याचा शेरा अहवालात पडायचा तो पडलाच. पद कायम झालं नाही. पुन्हा तपासणी होईपर्यंत मुदत वाढली, म्हणजे धाकधूकही तेवढीच वाढली.

“व्याकरण चुकलं का गं?” रात्री घरी मुलीने विचारलं.

“व्याकरण बरोबर होतं. भाजीला मीठ घाल.”

दुसऱ्या दिवशी डाय बदलल्यावर मी प्रेसपाशी जाऊन विचारलं, “पहिला नग?”

“न्हाई झाला अजून,” ऑपरेटर मान वर न करता म्हणाला. “आन् हितंच उभं ऱ्हायचं आसंल तर जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”