झिजलेल्या बुटांनी खाल्लेला पाय

सातवीपर्यंत कसाबसा गेलो. पुढं एकलहऱ्याला वीज केंद्रात कोळशावर ठेकेदाराच्या हाताखाली लागलो. आज काम, उद्या नाही. नवीन लग्न झालेलं. आणीबाणी उठून वरीस-दोन वरीस झालं असेल. पोलीसभरती निघाली. बायको म्हणाली, "पळता येतं ना? मग पळा की. कायमचं होईल."

रोज सकाळी कामाआधी दारणा नदीच्या पुलापर्यंत पळायचो. पायात जुने कॅनव्हासचे बूट. डाव्याची टाच बाहेरच्या अंगानं पार झिजलेली, अंगठ्याखाली भोक. तिनं आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. वर टोमणा, "बूट हाय का चाळण? रोज खडे आणता घरात."

मग नवा जोड आला. तो तिनं फडक्यात बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवला. "भरतीच्या दिवशी घाला. आत्ताच झिजवले तर सायबापुढं काय अनवाणी पळणार?" मलाही पटलं. आमच्यात नवं ते राखूनच ठेवायचे. लग्नातला सदरा मी चौदा एप्रिलच्या जयंतीलाच घालायचो.

नडगी दुखायला लागली. आधी पळताना, मग चालताना, मग नुसतं बसलो तरी. ती मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची. दात आवळून मी पळत राहिलो.

भरतीला नवे बूट घातले. शिट्टी झाली. निम्म्या मैदानापर्यंत मी पुढच्या पोरांत होतो. मग नडगीत ओली फांदी मोडावी तसं झालं आणि तोंडावर आपटलो. ती तारेच्या कुंपणाबाहेर होती. हवालदार म्हणाला, "बाई, मागं व्हा." ती ओरडली, "माझा माणूस हाय तो!"

भरती तिथंच संपली. डॉक्टरनं रोज पळायचे ते जुने बूट बघायला मागितले. म्हणाला, "या टाचेवर पाय रोज वाकडा पडत होता. हाडाला चीर आधीच गेली होती. तेव्हाच थांबला असतात तर भरून आली असती."

मी ऐकून सोडून दिलं. तिनं धरून ठेवलं. हाड वाकडं जुळलं, मी लंगडा झालो. जन्मभर कोळशावरच राहिलो.

"मीच घालू दिले नाय नवे," ती म्हणायची.

"अगं, दोघांचं ठरलं होतं."

"तुमचं कुठलं ठरतंय? मीच ठरवलं."

म्हातारी झाली तरी हेच. अंथरुणाला खिळली तेव्हाही मलाच विचारायची, "पाय दुखतो का?"

बाजारात जा, विहारात जा, ती कधी माझ्या पुढं गेली नाही. शेजारणी हसायच्या, "नव्या नवरीवानी काय चालते गं!" ती म्हणायची, "मला कुठं गाडी पकडायचीय?"

गेल्या वर्षी ती गेली. खांदा देणारी चौघं तरणी पोरं, झपझप निघाली. मी मागून "हळू रे" म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. वळणावर तिची तिरडी दिसेनाशी झाली. मी पोहोचलो तेव्हा तिला लाकडावर ठेवलं होतं, आणि सगळे माझ्यासाठी थांबले होते.