फादर मेतोदींचे केस

मी चर्चच्या दाराशी मेणबत्त्या विकते, त्यामुळे फादर मेतोदी मला रोज दिसतात. उंच माणूस, आवाज भरदार आणि केस खांद्याखाली उतरणारे. त्यांच्या गुरूंचे केस लांब होते, म्हणून यांनीही कधी कात्री लावू दिली नाही.

पण सकाळी धुतलेले केस संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत तेलाने निथळायचे, कपाळाला चिकटायचे. त्यावर पाद्र्यांची काळी उंच टोपी. एकदा घंटा वाजवणारा स्तोइल सगळ्यांदेखत म्हणाला, "फादर, दिव्यातलं तेल संपलंय, जरा वाकता का इकडे?"

सगळे हसले. फादरही हसले. पण घरी जाऊन त्यांनी भांडी घासायच्या साबणाचं पाणी डोक्यावर ओतलं. त्यांची बायको झ्वेझ्दा (आमच्या पंथात पाद्री लग्न करतात) ओरडली, "अहो, ते भांड्यांचं आहे!"

"चरबी निघते ना भांड्यांची? मग झालं."

सकाळ-संध्याकाळ तेच सुरू झालं. कोणी व्हिनेगर सांगितलं, तेही लावून झालं. कोणी चुलीतली राख सांगितली, तीही चोळून झाली. डोकं लालभडक झालं, खाज थांबेना, काळ्या झग्याच्या खांद्यावर पांढरा भुगा पडू लागला. आणि संध्याकाळी केस पुन्हा तेलकट ते तेलकटच. मग फादर माणसांपासून लांब राहू लागले. पूर्वी प्रार्थना संपली की अंगणातल्या बाकावर म्हाताऱ्यांबरोबर कॉफी घ्यायचे. आता मागच्या दाराने निघून जायचे.

एका बारशाला बाळाने त्यांच्या केसांची बट मुठीत धरली. बाळाच्या आईने मूठ सोडवली आणि तो चिमुकला हात आपल्या रुमालाने पुसला. फादरनी ते पाहिलं. विधी नीट पुरा केला. घरी आल्यावर मात्र झ्वेझ्दाला म्हणाले, "कात्री आण."

"आणते की. पण आधी गाब्रोवोला डॉक्टरकडे चला. त्यांनी कापा म्हटलं तर मीच कापीन."

डॉक्टरीणबाईंनी डोकं पाहिलं आणि विचारलं, "कशानं धुता?"

फादर मांडीवरची टोपी चाचपू लागले. झ्वेझ्दाच म्हणाली, "भांड्यांच्या साबणानं."

"अहो फादर, काय हे! तेल येणं हा काही गुन्हा नाही. काहींच्या डोक्याला जास्त येतं, एवढंच. तुम्ही त्या कातडीला शिक्षा देताय." मग त्यांनी समजावलं: सौम्य शाम्पू घ्या, वाटलं तर रोज धुवा. पाणी कोमट असू द्या. बोटांच्या टोकांनी चोळा, नखं लावू नका. केस मऊ करायचं मलम फक्त टोकांना, मुळांना नाही. आणि ओले केस टोपीखाली कोंबू नका. "खाज थांबली नाही तर परत या, औषध देईन. आणि जरा धीर धरा."

धीर! उपासाच्या दिवसांत सगळ्या गावाला धीर धरायला सांगणारा माणूस, पण स्वतः तिसऱ्या दिवशी कुरकुरायला लागला. झ्वेझ्दा अंगणात द्राक्षवेलाखाली त्यांना खुर्चीवर बसवायची आणि तांब्याने पाणी घालायची. माझं घर शेजारीच, कुंपणापलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"घासल्यासारखं वाटतच नाहीये."

"कढई नाही तुम्ही. गप्प बसा."

हळूहळू लाली उतरली, भुगा थांबला, खाज गेली. तेल थोडं कमी झालं, बंद नाही झालं. फादर पुन्हा बाकावर येऊन बसू लागले.

त्याच सुमारास माझी नात रालित्सा चर्चमधल्या गायनाला जायची बंद झाली. सबंध गावात तिच्यासारखा गळा नाही. विचारलं तर म्हणे घसा दुखतो. डोक्यावरची टोपी घरातही काढेना. फादर विचारपूस करायला आले. तिला पाहिलं, आणि समोर बसून आपली टोपी काढून मांडीवर ठेवली.

"शाळेत चिडवतात?"

तिचे डोळे भरले. "म्हणतात, तुझ्या डोक्यावर बटाटे तळता येतील."

"मला दिव्याचं तेल म्हणाले होते," फादर म्हणाले. "मी तर भांड्यांचा साबण लावला."

"खरंच?" ती रडता रडता हसली. "आणि आता? बरे झाले केस?"

"नाही गं. आज संध्याकाळपर्यंत पुन्हा तेलकट होतील, बघ. पण आता ते दुखत नाहीत, आणि मी लपत नाही. तू काय लावतेस?"

"कपड्यांचा साबण," ती पुटपुटली.

"अरे देवा! झ्वेझ्दाकडे ये उद्या. ती शिकवेल."

दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढच्या रविवारी गायकांच्या ओळीत उघड्या डोक्याने उभी राहिली, केसांची सैल वेणी घालून. कपाळाजवळचे केस थोडे चमकत होते. पहिलाच सूर तिने असा लावला की स्तोइल घंटेची दोरी धरून तसाच उभा राहिला.