तिसरं पान

कोल्हापुरात माझ्या वकिलीच्या ऑफिसखाली एक भडंगवाला बसायचा. पुडी बांधण्याआधी हातातला कागद वाचायची त्याला खोड. गिऱ्हाईक कितीही खोळंबलं, तरी पान पुरं झाल्याशिवाय त्यात भडंग पडायचं नाही.

नवा कंप्युटर आला आणि मी कागदाविना काम करायचा चंग बांधला. सगळी टिपणं स्कॅन केली आणि रद्दी हौसेनं त्यालाच दिली. आठवड्यात कंप्युटर बंद पडला, तोही नेमका युक्तिवादाच्या आदल्या दिवशी! मी धावत खाली गेलो. त्यानं गठ्ठा उपसून युक्तिवादाच्या तीन पानांपैकी दोन काढली.

"आणि तिसरं?"

"ते आत्ताच एक पावणं घिऊन गेलं की! पर मी वाचलंय. सांगतो, लिवून घ्या." मग हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, शेवटचा मुद्दा तेवढा चुकलाय. दुरुस्त करून सांगू?"

मी निमूट पेन काढलं.