मोजणीवाले काकांची बाग

उदगीरला आम्ही राहायला गेलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरत होतं आणि शेजारचे एक गृहस्थ हातात टेप घेऊन दोन घरांमधली भिंत मोजत होते. नमस्कार नाही, चौकशी नाही. मोजून झाल्यावर त्यांनी टेप गुंडाळली आणि माझ्या आईला म्हणाले, "भिंत माझ्या हद्दीत हाय. आधी सांगितलेलं बरं." जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. गल्ली त्यांना मोजणीवाले म्हणे, मी मोजणीवाले काका म्हणू लागले.

जन्मभर भावाभावांच्या भांडणात साखळी धरून उभं राहिल्यावर माणसाचं जे होतं, ते त्यांचं झालं होतं. "मानूस वाईट नसतो, मॅडम," ते मला सांगत. मी शाळेत शिकवते म्हणून मॅडम. "पन बांध कोरतो. सख्खा भाऊ कोरतो. दर साली बोटभर." दूधवाला, मीटर बघायला येणारा, गाड्यावरचा कलिंगडवाला, सगळे त्यांच्या लेखी बांध कोरणारेच. कलिंगड घेताना ते आधी गाड्याभोवती एक चक्कर मारत.

अशा माणसाने बाग केली होती, आणि ती फार सुंदर होती. भिंतीच्या कडेने मोगरा, कोपऱ्यात कागदी लिंबू, कढीपत्ता, आणि मधोमध जीव लावून वाढवलेलं सोनचाफ्याचं कलम. चैत्र लागला की ऊन कलल्यावर ते अंगणात पाणी शिंपडत, खुर्च्या मांडत आणि भिंतीवरून आईला हाक देत, "अक्का, या बसायला." त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा नांदेडला नोकरीत होता.

माझी आईही संशयात काही कमी नव्हती. ज्याचा कुणावर भरवसा नाही तो रोज बसायला कशाला बोलावतो, असं ती मला विचारी. आमच्या घरामागच्या मोकळ्या पट्टीवर त्यांचा डोळा आहे, हे तिने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. तरी आम्ही जात होतो, कारण आमच्या स्लॅबखाली संध्याकाळीही भट्टी असायची. काका स्वतः केलेलं पन्हं आणत. त्यांनी घोट घेतल्याशिवाय आई पेला तोंडाला लावत नसे. आणि आई मोगऱ्याकडे वळली की काका बोलता बोलता थांबत. फूल तोडायला त्यांची ना नव्हती, पण तोडलेलं दाखवून जायचं. असे दोघं एकमेकांवर नजर ठेवून मोठ्या समाधानाने दोन-दोन तास बसत. मी वह्या तपासत असे.

दुसऱ्या वैशाखात सोनचाफा वाळायला लागला. आधी शेंडा, मग पानं. एके दिवशी सकाळी काका आमच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "अक्का, तुमचं धुन्याचं पानी कुनीकडं जातं?"

आईला प्रश्न बरोबर कळला. तिने दार लावलं. त्या दिवसापासून आमचं जाणं बंद. भिंतीपलीकडे पाणी शिंपडल्याचा आवाज येई, ओल्या मातीचा वास येई, हाक मात्र येत नसे. आई आमच्या पायरीवर भिंतीकडे पाठ करून बसू लागली. त्यांनीच खत जास्त घालून झाड मारलं आणि आता आळ आपल्यावर घेऊन आले, असं तिचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं, पण आमच्या पाण्याचीही मला खात्री वाटेना. एका पहाटे मी धुण्याच्या दगडावर बादलीभर पाणी ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत वाकून चालले. पाणी सरळ रस्त्याकडच्या गटारात गेलं. मान वर केली तर भिंतीवरून काकांचं डोकं. तेही तेच बघत होते. दोघंही आपापल्या घरात गेलो.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी हातात उपटलेलं कलम होतं. त्यांनी ते आईसमोर उलटं धरलं. मूळ आतून पोखरून गेलं होतं, माती झडली तशी पांढरी वाळवी वळवळली.

"माझी मोजनी चुकली, अक्का," ते म्हणाले.

आईने खूप वेळ ते मूळ न्याहाळलं, बोटाने मोडून पाहिलं. मग आत जाऊन चहा टाकला. चहा पिताना काकांनी सांगितलं की सगळ्या नोकरीत हे वाक्य त्यांनी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. त्या संध्याकाळी खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या.

गेल्या वर्षी उन्हाळा लागता लागता त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि मुलगा त्यांना नांदेडला घेऊन गेला. जाताना त्यांनी आईला बागेतून फिरवून कुठल्या झाडाला किती पाणी ते सांगितलं, आणि फाटकाची किल्ली दिली. विश्वास मात्र ठेवला नाही. रोज संध्याकाळी माझ्या फोनवर त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. चेहरे त्यांना बघायचे नसत. "खाली करा मॅडम, खाली. माती दाखवा." माती ओली दिसली तरी म्हणत, "आत्ता शिंपडलं असंल, मला दाखवाया." आई चिडून बोटाने माती उकरून दाखवी. मग ते हसत आणि मोगरा किती फुलला ते विचारत. कॉल संपला तरी आई तिथेच त्यांच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसून राही.

एका संध्याकाळी कॉल त्यांच्याऐवजी मुलाने केला. बाबा दुपारी झोपले ते उठलेच नाहीत, असं त्याने सांगितलं. मी आईला सांगितलं. ती मोगऱ्यापाशी पाइप धरून उभी होती.

"त्येला इचार," ती म्हणाली, "नीट बघितलं का म्हनावं. मानूस झोपल्यालाबी आसतो."

मी विचारलं नाही. फोनवर तो मुलगा रडत होता. आईने पाइप तसाच धरून ठेवला होता. पाणी आळं भरून बाहेर आलं, खुर्च्यांखालून वाहत फाटकापर्यंत गेलं, तरी तिने नळ बंद केला नाही, आणि मीही तिला बंद कर म्हणाले नाही.