टर्मिनल काढलं होतं, तरी हॉर्न वाजला

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी गॅरेजमधून हाकलतो. गाडी ‘आपोआप’ बंद पडली म्हणणाऱ्याच्या टाकीत पेट्रोल नसतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय... पण लाजेचं खरं कारण वेगळं आहे, ते पुढे येईलच.

लालबागला आमचा छोटा गाळा आहे. संपात बाबांची मिल बंद पडली ती पडलीच, तेव्हा त्यांनी इथे पंक्चर काढायला सुरुवात केली. पुढे मी गॅरेज केलं. मिलमध्ये खंडेनवमीला साच्यांची, म्हणजे मागांची, पूजा व्हायची, ती पद्धत बाबांनी गाळ्यात आणली. पाने, पकडी पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा आणि त्या दिवशी काम बंद.

गेल्या नवरात्रात वरळीच्या बीडीडी चाळीतून माझी ताई आणि भावोजी गाडी घेऊन आले. हॉर्न वाजत नव्हता, मीटरवर एअरबॅगचा दिवा सतत लागलेला. फ्यूज बघितला, चांगला. हॉर्नला बॅटरीवरून थेट वायर दिली, ठणठणीत वाजला. म्हणजे क्लॉक स्प्रिंग गेली — स्टिअरिंगच्या मागे बसणारा गोल डबा, आत वायरची पट्टी गुंडाळलेली. हॉर्न आणि एअरबॅगचा करंट त्यातूनच जातो. दसऱ्यानंतर ताईकडचे सगळे पोरांसकट मालवणला निघणार होते. मी नवीन पार्ट मागवला.

पार्ट आला तो नेमका खंडेनवमीला. म्हटलं, यालाही पूजेत बसवू. त्यावर एक चिकटपट्टी होती... पार्ट मधोमध सेट करून पाठवतात, तो फिरू नये म्हणून. मी ती सोलून काढली, का तर कुंकू नीट लागावं. शिवाय आरती सुरू होईपर्यंत डबा हातात गोल गोल फिरवत बसलो. हेच काम करून पोट भरणारा माणूस मी, आणि असा गाढवपणा.

दसरा झाल्यावर तो तसाच बसवला. हॉर्न वाजला, दिवा गेला. मग गल्लीत गाडी वळवताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे नेलं आणि आत ‘कट्’ झालं. मधोमध नसलेली पट्टी ताणून तुटली. दिवा परत लागला. दुसरा पार्ट लगेच मिळणार नव्हता, आणि भावोजींना तर मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो, “उद्या सकाळी गाडी घेऊन जा.” चुकलो म्हणायला जीभ उचलेना. हॉर्नला डॅशबोर्डखाली वेगळं बटण लावलं. मीटर उघडून एअरबॅगच्या दिव्यावर आतून काळी टेप मारली. एअरबॅग मेलेली, आणि बघणाऱ्याला सगळं ओके.

सकाळी सगळे आले. बॅगा डिकीत, भाचे मागच्या सीटवर.

“काय रे, झालं ना सगळं?” भावोजींनी विचारलं.

“हो हो. हॉर्नचं फक्त बटण वेगळं दिलंय.”

बॅटरीचं टर्मिनल साफ करायचं राहिलं होतं. बॉनेट उघडलं, टर्मिनल काढलं... आणि हॉर्न वाजायला लागला.

टर्मिनल माझ्या हातात होतं. करंट यायला जागाच नाही. आणि गाडीचा पॅं-पॅं नव्हे — एकच लांब, जड आवाज, थांबेचना. समोरचा भजीवाला झारा घेऊन बाहेर आला.

“अरे, हा तर मिलचा भोंगा,” ताई म्हणाली.

मग तो जसा सुरू झाला तसाच बंद झाला.

भावोजी हसले. “गाडीलाच गावाला जायची घाई झालीय.”

मीही हसलो. खरं सांगतो, हसलो आणि टर्मिनल परत बसवायला वाकलो. तेवढ्यात ताईने खांद्यावर हात ठेवला.

“तुझं काय बिनसलंय रे? घामाने भिजलायस नुसता.”

मग मात्र राहवेना. कुंकू, बटण, टेप... सगळं सांगून टाकलं. भावोजींनी डिकी उघडली. बॅगा उतरवल्या आणि टॅक्सी बघायला गेले. ताई पोरांना खाली उतरवत होती.

“माझी पोरं बसली होती रे आत,” एवढंच म्हणाली.

नंतर सगळी वायरिंग सोडवून तपासली. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनलाही दाखवली, तो म्हणाला, “बॅटरीशिवाय वाजेल कसा? तुला भास झाला असेल.” भास म्हणावं तर भजीवाल्यानेही ऐकलं होतं.

पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही तो हॉर्नमुळे नाही. तो वाजून थांबल्यावरही मी गप्पच होतो. ताईचा हात खांद्यावर पडला नसता, तर मी बॉनेट लावून त्यांना टाटा केला असता.