दुपारी बारा ते दोन : कोणी नाही

पास्कल मास्तर गेल्याचं मला शाळेच्या ऑफिसात कळलं. परीक्षेचे फॉर्म तपासत बसले होते, खिडकीसमोर पालकांची रांग, आणि शिपाई सांगत आला की डिमेलोंच्या सूनबाईंचा फोन आहे. आयरीन रडत नव्हती. सावकाश, नीट बोलत होती. "सकाळी फिरून आले, पेज जेवले. चार वाजता बाहेर जायचंय म्हणून बूट घालून खुर्चीत बसले... आणि बसलेच राहिले, मालतीताई." फोन ठेवून मी जागेवर आले आणि पुढच्या पालकाला त्याच्या मुलाची जन्मतारीख चुकल्याचं सांगितलं. ती चुकलेली नव्हती. त्या बिचाऱ्याने वाद घातला नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि फॉर्म घेऊन बाजूला उभा राहिला. आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं, पण हळहळ वाटली नाही. ऐंशी पार केलेला माणूस, पोटभर जेवून, बाहेर जायच्या तयारीत गेला. असं मरण मागूनही मिळत नाही.

मास्तरांची आणि माझी ओळख झाली ती एका बागेपायी. बोरिवलीत आमच्या भागात गावठाणाला लागून एक मोकळा भूखंड होता. नकाशात त्याला हिरवा रंग होता. प्रत्यक्षात तिथे एक जुनी चिंच, दोन-चार फुटके टायर आणि दिवसभर क्रिकेट. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी प्रभाग कार्यालयाने ठरवलं की या जागेचं काय करावं हे रहिवाशांनाच विचारावं, आणि त्यासाठी नागरिकांची एक सल्लागार समिती नेमली. बाग, वाचनालय, बालवाडी, पाणपोई, अशी सगळी कामं तिच्या पदरात. सल्ला द्यायचा, हट्ट धरायचा नाही, असं पहिल्याच दिवशी आम्हाला बजावण्यात आलं होतं. समितीत एक तरी बाई हवी म्हणून मला घेतलं; हे मला कुणी सांगितलं नाही आणि कुणी लपवलंही नाही. अध्यक्ष होते अण्णा सामंत, गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यातले मुकादम, म्हणून निवृत्त झालेले, मूळचे कुडाळचे. बैठका बालवाडीच्या खोलीत भरत. तिथल्या बुटक्या बाकांवर बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे, आणि त्या अवस्थेत आम्ही शहराच्या भवितव्यावर चर्चा करायचो.

पास्कल डिमेलो गावठाणातलेच. चाळीस वर्षं एका शाळेत चित्रकला शिकवलेली, त्यामुळे अख्ख्या वॉर्डाचे मास्तर. उंच, शिडशिडीत, खिशात दोन पेन्सिली, आणि स्वभावाने हेकट म्हणावे इतके नेमके. दुसऱ्याच बैठकीत अण्णांनी बागेत कारंजं हवं असा विषय काढला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी फक्त विचारलं की मे महिन्यात, आपल्या घरच्या नळाला पाणी नसताना, ते कारंजं कोण भरणार. कारंजं तिथेच आटलं. कुणी काहीही ठासून सांगायला लागलं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा, "बघितलंत की ऐकलंत?" मला त्याचा भयंकर राग यायचा. वर्गात उभं केल्यासारखं वाटायचं.

नकाशा काढायच्या आधी महिनाभर ती जागा बघायची, ही कल्पना त्यांचीच. सकाळी सहापासून संध्याकाळी आठपर्यंत प्रत्येकाने दोन-दोन तास वाटून घ्यायचे. वहीच्या पानावर भूखंडाची आकृती काढलेली. माणूस जिथे बसेल तिथे टिंब, जिथून चालेल तिथे रेघ. पानाखाली बघणाऱ्याची सही. लोक कुठून चालतात ते कळलं की वाटा आपोआप ठरतात, बागेला नंतर कुंपणं घालून माणसं वळवावी लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आम्ही आधी हसलो आणि मग नादालाच लागलो. कुठला म्हातारा कुठल्या दगडावर पेपर वाचतो, कुठली मुलं कोपरा कापून शाळेत जातात, सगळं आम्हाला पाठ झालं. मे महिना होता, माझं ऑफिस अर्धा दिवस, म्हणून दुपारचे बारा ते दोन माझ्या वाट्याला आले. बाईमाणूस एकटी कशी बसणार म्हणून मास्तर सोबतीला यायचे, आणि घरी करमत नाही म्हणून अण्णा. आम्ही चिंचेखाली चटई टाकायचो. अण्णांच्या थर्मासमधला चहा, माझ्या डब्यातला चिवडा, आणि गप्पा. टिंब काढायची वेळ क्वचितच यायची. महिनाभर माझ्या पानांवर एकच वाक्य आहे, "बारा ते दोन : कोणी नाही." खाली माझी झोकदार सही.

त्या महिन्याच्या वह्यांवरून मास्तरांनी नकाशा केला. काळ्या शाईत, हातात नुसती पट्टी धरून, तीन आठवडे खपून. आजही सांगते, मी इतका देखणा कागद पाहिला नाही. वाटा अगदी पायवाटांवरून गेलेल्या, झोपाळे आयांच्या नजरेच्या टप्प्यात, म्हाताऱ्यांना सकाळच्या उन्हाकडे तोंड करून बाकं. आणि एका बाजूला मास्तरांची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट: फळ्यासारखा काळा गिलावा दिलेली बुटकी लांब भिंत, मुलांनी खडूने चित्रं काढावीत म्हणून. पाण्याची टाकी आणि माळ्याची खोली कुठे घ्यायची हा प्रश्न उरला होता. वह्या सांगत होत्या की भूखंडावर एकच जागा अशी आहे जिथे कुणी बसत नाही. चिंचेखालची. तेव्हा चिंच तोडायची आणि तिथे टाकी. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या, नकाशा कार्यालयात गेला, आणि एक प्रत सूचना-हरकतींसाठी फलकावर लागली. फलक वाचायला कोण जातो? एकही हरकत आली नाही. मास्तरांना ते पटेना. त्यांनी आपल्याजवळची प्रत घेतली, एक ड्रॉइंग बोर्ड घेतला आणि भूखंडावरच जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला नकाशा समजावून सांगायला लागले. मीही हौसेने बरोबर गेले. वाहवा ऐकायला, दुसरं काय!

तिथे आम्हाला आग्नेसबाय भेटली. गोराईहून सकाळच्या होडीने मासे घेऊन यायची, दारोदार विकायची, आमच्या बिल्डिंगमध्येही यायची. रिकामी पाटी कमरेवर घेऊन ती थांबली आणि मास्तरांनी बोटाने दाखवलेलं सगळं लक्ष देऊन ऐकलं. हे झोपाळे, ही बाकं, ही चिंच जाणार आणि इथे टाकी येणार. तिने विचारलं, आणि आम्ही? मास्तर तिला समजावत म्हणाले की दुपारी इथे कुणीच बसत नाही, आम्ही महिनाभर स्वतः बघितलंय.

"तुम्ही बसलेले असायचात ना मास्तर," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, माहिती दिल्यासारखं सांगत होती. "चटई टाकून. दोन बाप्ये आणि ही बाय. तुमच्या पुढ्यात कशा येऊन बसणार आम्ही? पलीकडे नाल्याच्या कठड्यावर बसायचो, उन्हात. म्हटलं, मोठी माणसं आहेत, काहीतरी काम असेल त्यांचं... संपलं की उठतील."

मग हळूहळू कळलं. ती आणि तिच्यासारख्या पाच-सहा मासेवाल्या परतीच्या होडीआधी तिथे भाकरी खायच्या. घरकाम करणाऱ्या बायका एका घरची भांडी आटोपून दुसऱ्या घरी जायच्या आधी तासभर पाय पसरायच्या. घरात दहा बाय दहाची खोली, त्यात नवरा, सासू, पोरं. दिवसाकाठी एवढाच तास असा की कुणी हाक मारत नाही. वर्षानुवर्षं त्या तिथे बसत होत्या. आम्ही बघायला गेलो आणि बघायच्या जागीच फतकल मारून बसलो. आमच्या वहीत त्यांचं टिंब कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तातडीने बैठक बोलावली आणि नकाशा परत घेऊया म्हणाले. अण्णांनी कपाळाला हात लावला. "आता सह्यो झालेत मास्तरांनू. कागद मागे घेतल्यात तर बाग गेली म्हणान समजा." ते काही खोटं नव्हतं. मंजुरी तोंडावर आली होती, पुन्हा पहिल्यापासून फिरायचं तर वर्ष जाणार, आणि वर्षभरात मोकळ्या भूखंडावर काय काय उगवतं हे बोरिवलीत सांगायला नको. पण सगळ्यांत जास्त विरोध कुणी केला असेल तर मी. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची, रोज विचारायची की झोपाळा कधी येणार. मी म्हटलं, सात-आठ बायकांच्या तासाभराच्या बसण्यासाठी सगळ्या वस्तीची बाग अडकवायची का? त्या बसतील की बाकांवर. हे बोलताना बाकं उन्हात आहेत हे मला ठाऊक होतं. मास्तरांनी वही उघडली, पान काढलं आणि माझ्यासमोर सरकवलं.

"मालतीताई, ही सही तुमची. आणि चटईवर शेजारी मी बसलो होतो, म्हणजे माझीही. चुकलो ते दोघं मिळून चुकलो. पण आता माहीत असून पाठवला, तर ती चूक नाही म्हणता येणार."

मी वही मिटून परत सरकवली. पटलं म्हणून नाही, राग आला म्हणून. समितीत मी बाई म्हणून होते आणि बायका कुठे बसतात हे त्या चित्रकलेच्या मास्तरने मला सांगावं, याचा तो राग होता. आणि शरमही होती, ती मात्र कबूल करायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ते जमिनीवर कागद पसरून पेन्सिलीने नकाशा पुन्हा काढत बसले होते. टाकीला जागा काही सापडत नव्हती. जिथे ठेवावी तिथे कुणाची तरी वाट अडत होती. त्यांनी शेवटी रबर उचललं आणि ती काळी चित्रांची भिंत पुसून टाकली. तिथे टाकी नीट बसली. मी म्हटलं, "मास्तर, तुमची भिंत..." तर म्हणाले, "पोरं काय, कुठेही काढतील," आणि आयरीनला चहा टाकायला सांगितला.

नकाशा परत घेण्यासाठी ते कार्यालयात किती वेळा गेले ते मोजलं नाही, मी शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी जायचे, ते रोज. उद्यान खात्याचे साहेब भला माणूस. आधी वैतागले, मग एका दुपारी मास्तर त्यांना भूखंडावर घेऊन गेले, लांब, पलीकडच्या फुटपाथवर उन्हात छत्री धरून दोघे उभे राहिले, आणि साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी चिंचेखालच्या बायका पाहिल्या. एक पावसाळा आमचा वाया गेला. माझी मुलगी आठ वर्षांची झाली. पण बाग झाली, चिंच राहिली, तिच्याभोवती बसायला पार बांधला गेला. टाकीची भिंत पोरांनी पहिल्याच आठवड्यात विटकरीने रंगवून टाकली. मास्तर ती चित्रं बघायला रोज संध्याकाळी जायचे आणि घोड्याचे पाय कसे चुकलेत ते मला सांगायचे.

त्यानंतर मास्तर जाईपर्यंतची सात-आठ वर्षं आमची दोन घरं एकच होती. नाताळात त्यांच्याकडच्या नेवऱ्या आमच्याकडे, दिवाळीत आमच्या करंज्या त्यांच्याकडे. पदार्थ तोच, फक्त ताट फिरायचं. भांडणंही पुष्कळ झाली. वाचनालयाच्या खिडक्यांवरून तर ते महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत, आणि त्या वेळी बरोबर मी होते, हे इथे लिहून ठेवते. मास्तरांच्या मातीला आग्नेसबाय आली होती. गुडघे गेलेत, धंदा सुनेकडे दिलाय, तरी होडी करून आली आणि चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बागेत मी इतकी वर्षं जात होते, पण संध्याकाळी, झोपाळ्यांच्या बाजूला. दुपारी चिंचेकडे मी कधी फिरकले नाही. माझा तो हक्क मी एका महिन्यात वापरून संपवलाय असं मला आपलं वाटायचं. गेल्या आठवड्यात ऑफिसातून लवकर निघाले, आणि पाय तिकडे वळले. पारावर नऊ-दहा बायका होत्या. कुणी भाकरी खात होतं, एक जण चपला काढून आडवी झाली होती, दोघी कुणाच्या तरी जावेबद्दल खालच्या आवाजात रंगून बोलत होत्या. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. मी लांबच, वाटेच्या कडेला छत्री उघडून उभी राहिले. मास्तर असते तर त्यांनीही मला तिथेच उभं केलं असतं. मला फार बरं वाटत होतं, आणि डोळेही भरून आले होते.

पारावरच्या एका तरुण बाईचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने विचारलं, कोणाची वाट बघताय का? मी म्हटलं, नाही, आमचे एक मास्तर होते, त्यांनी ही बाग आखली, महिन्यापूर्वी गेले. तिला ते नाव माहीत नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. ती "अस्सं" म्हणाली, शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा दाखवली. "मग उन्हात का उभ्या? बसा की."

मी छत्री मिटली आणि बसले. बायका जरा गप्प झाल्या. एकीने माझ्या साडीकडे पाहिलं, मग पायांतल्या चपलांकडे. वाटलं, आता उठतील. कुणी उठलं नाही. आणि मग त्या जावेची गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली.