कापूसबाई

कापूसबाई दवाखान्यात आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणत नसत. 'धुऊन या' म्हणत. राजारामपुरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दवाखान्याच्या ओट्यावर एक नळ होता आणि नळाखाली पितळी घंगाळ. तोंड, मान, हात, जिथं काय झालं असेल ते साध्या पाण्यानं खळखळून धुवायचं आणि मगच आत यायचं. कारण कातड्याचं दुखणं घेऊन येणारं माणूस ते झाकूनच येतं. कुणी पावडर थापून, कुणी हळद चोपडून, कुणी अंगारा फासून. "मला कातडं बघायचंय, रंगकाम न्हाय," असं बाई म्हणायच्या. एकदा एक पैलवान तालमीतून थेट आला, अंगभर लाल माती घेऊन. बाईंनी त्यालाही नळ दाखवला. माती गेली तशी खांद्यापासून कमरेपर्यंत गजकर्णाची गोल गोल चकंदळं उमटली. "पैलवान, लंगोट कुणाचा घालताय?" बाईंनी सगळ्या ओट्यादेखत विचारलं. एवढा अजस्र गडी, पण खाली बघत पुटपुटला, "दोस्ताचा." "मग दोस्तालाबी घेऊन या. न्हाईतर माझं मलम फुकट जातंय."

पाटीवर त्यांचं नाव होतं, डिग्री होती, पण ते कोण वाचतंय! सगळ्या पेठेत त्या कापूसबाईच. त्यांच्या टेबलावर काचेच्या बरणीत कापूस असायचा. अंगावर फिका चट्टा घेऊन कुणी आलं की बाई त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायच्या, कापसाची बारीक वात वळायच्या आणि चट्ट्यावर अलगद टेकवायच्या. कळलं की सांगायचं. कळलं तर चट्टा साधा. नाही कळलं, तर महारोग. त्या काळी या शब्दानं घरंच्या घरं हादरायची. लग्नं मोडायची, सख्खी भावंडं ताट-वाटी वेगळी करायची. त्यामुळं त्या बरणीकडं बघायलासुद्धा लोक भ्यायचे. मी तर तिच्याकडं पाठ करून बसायची.

सत्तर सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. मी तेव्हा वीस वर्षांची, प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून नुकतीच चिकटलेली. गारगोटीचं स्थळ पसंत झालं होतं. मुलगा हायस्कूलात मास्तर, घरचं चांगलं, सुपारी फुटलेली. पंधरा दिवसांवर साखरपुडा. आणि माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटं, रुपयाएवढा फिका चट्टा उठला. आईनं तो बांगड्या भरताना पाहिला आणि कासारणीसमोरच माझी बाही ओढून खाली घेतली. तेव्हापासून आमच्या घरात सगळे दबकून बोलायला लागले.

डॉक्टरकडं जायचं सोडून आईनं काय केलं असेल? बिबा लावला. शेजारणीनं सांगितलं, डाग जळून जातो म्हणून. बिबा तापवून त्याचं तेल चट्ट्यावर चोपडलं आणि तिसऱ्या दिवशी बिबा उतला. हात कोपरापर्यंत टरारला, मोठाले फोड आले, कडेनं आगआग व्हायला लागली. कडेनंच. मधोमध मला काहीसुद्धा होत नव्हतं. आई माझ्या हाताला खोबरेल लावत घळाघळा रडत होती, आणि मी तिच्याकडं बघत कोरडी बसले होते. चट्ट्याच्या मधलं कातडं बधिर आहे, ते मला तेव्हाच उमगलं होतं. मी कुणाला बोलले नाही.

शेवटी कापूसबाईंकडं जावं लागलं. आईनं घोंगडीसारखी जाड शाल माझ्या अंगावर घातली आणि मला गल्लीतून मागच्या बाजूला नेलं. मागच्या दाराला हे मोठं कुलूप! आई दार ठोकत राहिली. आतून आवाज आला, "ते दार उघडत न्हाय. फुडनं या." आई दाराला तोंड लावून म्हणाली, "बाई, लग्नाची पोर हाय हो." "मग काय चोरीचा माल हाय का? फुडनं या." असा संताप आला मला! आमची अब्रू टांगणीला लागलेली आणि या बयेला दाराचं कौतुक. गेलो पुढून. भर दुपारी, अख्ख्या रस्त्यादेखत, त्या नळावर मी हात धुतला. नेमकी तेव्हाच मुलाची आत्या समोरच्या कापडदुकानातून बाहेर पडत होती. तिनं आम्हाला पाहिलं. आम्ही तिला पाहिलं. आईनं पदर तोंडावर ओढला आणि मला आत ढकललं.

बाई ठेंगण्या, सावळ्या, डोक्यावर पदर. रमजानचे दिवस होते, रोजा धरून त्या खलात मलम घोटत बसल्या होत्या. घोटणं न थांबवता त्यांनी हाताकडं नजर टाकली. "काय झालं?"

"उकळता च्या सांडला," आई म्हणाली.

"आक्का, च्यानं भाजल्यालं असं काळं पडत न्हाय. बिबा हाय ह्यो. कशावर लावला?"

आई माझी शाल सारखी करायला लागली. बाईंनी खल बाजूला ठेवला, माझा हात उघड्या हातानं धरला, कोपराच्या आतली शीर चाचपली, परत चाचपली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "उतला तवा दुखलं का गं?" माझ्याआधी आईच बोलली, "लई रडली बघा पोर." बाई माझ्याकडंच बघत होत्या. मी मान डोलावली.

"जखम भरल्याबिगर मला काय सांगता येणार न्हाय," बाई म्हणाल्या. "जळल्याल्या कातड्यावर कापूस खोटं बोलतोय. तीन आठवड्यानं या."

"साखरपुडा हाय की वो बाई तोवर!"

"ढकला फुडं."

साखरपुडा पुढं ढकलायला सबळ कारण लागतं. आईनं अण्णांच्या नात्यातला एक चुलत चुलता, जो कधी जन्मालाच आला नव्हता, मारून टाकला आणि गारगोटीला सुतक कळवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. आयुष्यात एक खोटा कागद न लिहिलेला माणूस, पण त्यांनी ते पत्र मुकाट्यानं लिहिलं. पण आत्यानं आपलं काम आधीच केलं होतं. चौथ्या दिवशी उलट निरोप आला: सुतक फिटू दे सावकाश, पण मुलीला कातड्याचं काही नाही अशी त्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी तेवढी पाठवा.

आई तशीच उठून बाईंकडं गेली, मला घेऊन. पदर पसरला, पाया पडायला वाकली. बाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. "आक्का, मला जे ठाऊक न्हाय ते मी लिहीत न्हाय."

"दोन ओळी लिहायला तुमचं काय जातंय? पोरीचं आयुष्य हाय!"

"म्हणूनच लिहीत न्हाय."

बाहेर पडताना आई त्यांना जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाई शांतपणे पुढच्या पेशंटला म्हणाल्या, "धुऊन या." मी तर घरी येईपर्यंत बाईंना मनातल्या मनात शिव्याच घालत होते. दोन ओळी! शाळेत मी हजेरीवर दिवसाला त्याहून जास्त लिहायची.

ते तीन आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. शाळेत फळ्यावर लिहिताना डावा हात पदराखाली. घरी एकटी असले की दार लावून मी जखमेच्या खपलीला टाचणी टोचून बघायची. आधी हळू, मग जोरात. रक्त यायचं. मग मी ते पुसायची आणि स्वतःला सांगायची, खपलीच आहे, खपलीला काय कळणार!

जायच्या आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता आईनं बेत सांगितला. रुमालाआड मला दिसणार नाही, पण तिला समोरून दिसेल. बाईंनी चट्ट्यावर कापूस टेकवला की ती खोकणार. ती खोकली की मी म्हणायचं, 'लागला'. चिठ्ठी हातात. आईनं हे सांगताना माझ्याकडं पाहिलं नाही. मी हो म्हटलं. आज सांगायला लाज वाटते, पण म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

बाईंनी मला स्टुलावर बसवलं, रुमाल बांधला. "कापूस लागला की 'लागला' म्हण. उगंच अंदाजानं बोलू नगंस." पहिल्यांदा उजव्या हातावर टेकवला. लागला. मग डाव्या दंडावर. लागला. मग समोर आई खोकली. "लागला," मी म्हटलं. थोड्या वेळानं परत खोकली. "लागला." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. माझा आवाज स्वच्छ येत होता याचंच मला नवल वाटत होतं. पाचव्या खोकल्याला बाई थांबल्या.

"आक्का, खोकला कवापासनं?"

"झालं की दोन दिस."

"भाईर जाऊन पाणी प्या. बसा ओट्यावरच. मी दार लावून घेते."

आई उठायला तयार नव्हती. बाईंनी तिला उठवलंच. दाराची कडी लागल्याचा आवाज आला, मग बाई परत येऊन बसल्याचा. रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. मी कान टवकारून बसले. आता आई नव्हती, आता खरं काय ते मलाच सांगायचं होतं. कापूस लागेल. लागायलाच पाहिजे, जखम भरली आहे, कातडं नवं आलं आहे. मी वाट बघत राहिले. बाई काही सुरूच करेनात. रिक्षावाल्याचं भांडण मिटलं, रिक्षा गेलीसुद्धा. मला वाटलं, त्या वात वळत असतील.

"बाई, करा की सुरू," मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, "शालन, सात येळा लावला."

मी रुमाल ओढून काढला. कापूस अजून माझ्या हातावरच होता, नव्या गुलाबी कातड्यावर. बाईंनी तो तिथंच टेकवून धरला होता. मला तो दिसत होता, पण कळत नव्हता.

 मग तोंडातून आपोआप निघालं, "बिबा उतला तेव्हापण दुखलं नव्हतं, बाई. मधे काहीच दुखलं नव्हतं."

"कोपरातली शीर जाड लागली तवापासनं संशय हुता मला," बाई म्हणाल्या. "पर संशयावर पोरीच्या कपाळाला शिक्का मारायचा नसतो." आणि मग माझा तोच हात दोन्ही हातांत घेऊन त्या खेकसल्याच, "रड की आता! बसून काय ऱ्हायलीस! रडून घे, मग गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगते. आणि ध्यानात ठेव, लौकर आलीस. बोटं वाकडी झाल्यावर आली असतीस तर मी काय डोंबल केलं असतं?" मी रडले. हमसून हमसून रडले, आणि त्या बाईच्याच खांद्यावर, जिला मी तीन आठवडे शिव्या घालत होते.

बाईंनी चिठ्ठी दिली. रोग आहे, सुरुवातीचा आहे, गोळ्या चालू आहेत, दुसऱ्याला लागणार नाही, लग्नाला डॉक्टर म्हणून हरकत नाही. आईनं ती हातात धरली नाही. अण्णांनी घेतली आणि गारगोटीला पाठवली. आठ दिवसांत नकार आला, तोही पोस्टकार्डावर, म्हणजे पोस्टमननंही वाचला असणार. आईनं बाईंचं नाव टाकलं. "तिनं लिहून दिलं असतं तर आज माझी पोर नांदत असती," हे मी किती वेळा ऐकलं असेल! मी मात्र दर महिन्याला गोळ्या आणायला पुढच्या दारानं जायची. बाई दर खेपेला माझी बोटं एकेक करून ताणून बघायच्या, चुलीजवळ हात जपायला सांगायच्या, झोपताना तेल लावलं का विचारायच्या. पाच वर्षांनी गोळ्या बंद झाल्या. बोटं दहाच्या दहा सरळ. त्यानंतर शाळेतल्याच एका सहकाऱ्यानं मला मागणी घातली. मी त्याला सगळं सांगितलं तर तो आधी बाईंकडं गेला, लग्न करावं का विचारायला. बाईंनी त्याला झापलं, "मला काय इचारता? लग्न तिला करायचंय. तिला इचारा." लग्नाला बाई आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. आई त्यांच्याशी बोलली नाही.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात बाई अचानक गेल्या. मी निघाले तर आई चपला घालून माझ्या दारात उभी. दोघी मिळून गेलो. बाईंच्या घरी बायकांची खोली खच्चून भरली होती. त्यांची थोरली बहीण आलेल्या प्रत्येकीला जवळ घेऊन विचारत होती, तुम्ही कोण, बाईंना कशा ओळखता. कुणी मुरुमांचं सांगे, कुणी इसबाचं. आमची पाळी आली. मी 'पेशंट' म्हणणार, एवढ्यात आई बोलली. आमच्या घरात त्या रोगाचं नाव इतक्या वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

"हिला महारोग झालता," आई म्हणाली, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात. "माझ्या पोरीला. मी लपवत हुते. ह्या बाईला फसवायला मी हितं येऊन खोकत हुते. तिनं मला भाईर काढली म्हणून माझ्या पोरीचा हात हाय." आणि तिनं माझा डावा हात मनगटाला धरून वर उचलला, पाची बोटं पसरून, सगळ्यांना दिसेल असा.

 माझ्या शेजारच्या बाईनं हळूच पदर आवरून घेतला. ते मी पाहिलं, आईनंही पाहिलं. तिनं माझा हात खाली घेतला नाही.